तमकश्वास, स्थौल्य आणि व्याधिक्षमत्व : आहार व व्यायाम यांचा एकत्रित विचार

विषयप्रवेश

तमकश्वास, स्थौल्य आणि व्याधिक्षमत्वाचा ऱ्हास हे तीन विषय आपण महाविद्यालयात तीन स्वतंत्र प्रकरणांत शिकलो. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र हे तिन्ही पुष्कळदा एकाच रुग्णाच्या ठिकाणी एकत्र भेटतात. जळगाव-धुळे परिसरात चिकित्सा करणाऱ्या प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे हे चित्र आहे : चाळिशी ओलांडलेली, वजन वाढलेली, जिना चढताना धाप लागणारी, पावसाळ्यात व कपाशीच्या हंगामात छातीत घरघर होणारी, आणि "सर्दी-खोकला महिन्याआड असतोच" असे सांगणारी व्यक्ती. अशा रुग्णाला आपण वासा-कंटकारीचे कल्प देतो आणि निघताना "वजन कमी करा, फिरायला जा" एवढे सांगतो. हे शेवटचे वाक्य चिकित्सेचे शेपूट मानले जाते. वस्तुतः ते चिकित्सेचे एक मुख्य अंग आहे आणि औषधाइतकीच मात्रा, काल व अवस्था पाहून द्यावयाचे आहे. प्रस्तुत लेखाचा हाच प्रतिपाद्य विषय होय.

संहितेतील विरोधाभास

या रुग्णाबाबत ग्रंथ उघडताच दोन अडचणी समोर येतात.

पहिली अडचण व्यायामाची. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात, म्हणजे अनागताबाधप्रतिषेधात, स्थौल्य कमी करण्यास व्यायामासारखे दुसरे साधन नाही असा आशय आला आहे. त्याच अध्यायात ज्यांनी व्यायाम वर्ज्य करावा त्यांच्या यादीत श्वास व कास यांनी आतुर असलेल्यांची गणना केली आहे. चरकाचार्यांनीही हिक्काश्वासाच्या निदानात व्यायाम व फार चालणे यांचा समावेश केला असून, सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात अतिव्यायामाच्या दुष्परिणामांत प्रतमक व कास सांगितले आहेत. मग स्थूल असलेल्या श्वासरुग्णाला व्यायाम सांगावा की वर्ज्य करावा?

दुसरी अडचण कर्शनाची. स्थौल्यात अपतर्पण व कर्शन हाच उपक्रम. परंतु चिकित्सास्थानाच्या सतराव्या अध्यायाच्या शेवटी, श्वासरुग्णात बृंहणाने झालेला अपाय अल्प व आटोक्यात येण्याजोगा असतो, कर्शनाने झालेला मात्र तीव्र व हाताबाहेर जाणारा असतो, असा इशारा दिला आहे. मग या रुग्णाला कृश करावे की पुष्ट?

या दोन प्रश्नांची उत्तरे न शोधता दिलेला सल्ला रुग्णाला एक तर निरुपयोगी ठरतो किंवा अपायकारक. उत्तर मात्र त्याच अध्यायात आहे. चरकाचार्यांनी श्वासरुग्णांची विभागणी बलानुसार व दोषानुसार केली आहे. कफाधिक व बलवान रुग्णास शोधन आणि पथ्य. वाताधिक, दुर्बल, बाल व वृद्ध यांना शमन व तर्पण. म्हणजे कर्शनाविषयीचा इशारा सरसकट लंघन करणाऱ्यासाठी आहे. स्थूल व बलवान रुग्णाचे विचारपूर्वक, सावकाश केलेले अपतर्पण त्यात निषिद्ध ठरत नाही. व्यायामाच्या बाबतीतही, 'श्वासाने आतुर' याचा अर्थ वेगावस्थेत असलेला रुग्ण असा घेणे मला युक्त वाटते. वेगांतरात, म्हणजे श्वास नियंत्रणात असताना, अर्धशक्तीच्या मर्यादेत केलेला व्यायाम हा निदान न ठरता चिकित्सा ठरतो. आधुनिक अभ्यासांचा कौलही याच बाजूचा आहे. त्याचा उल्लेख पुढे येईल.

आधी निश्चिती : धाप क्षुद्रश्वासाची की तमकाची?

स्थूल रुग्णाची प्रत्येक धाप म्हणजे तमकश्वास नव्हे. सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात मेदोवृद्धीच्या लक्षणांतच क्षुद्रश्वास सांगितला आहे. हा श्वास श्रमाने उत्पन्न होतो, विश्रांतीने शमतो, फारसा त्रास देत नाही. कॅनडात सुमारे पाचशे दमा-निदान झालेल्या रुग्णांची पुनर्तपासणी करून २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्थूल आणि सडपातळ अशा दोन्ही गटांत दहापैकी सुमारे तिघांमध्ये दमा सिद्धच झाला नाही. निदानाची घाई सर्वत्र होते. आपण त्याला अपवाद असण्याचे कारण नाही.

व्यवहारात पुढील भेद उपयोगी पडतो. मेदामुळे लागणारी धाप श्रम चालू असताना लागते आणि थांबल्यावर थोड्याच मिनिटांत शांत होते. श्रमजन्य दम्यात श्वासनलिकांचा संकोच बहुधा श्रम थांबल्यानंतर पाच ते दहा मिनिटांत वाढतो, त्यासोबत घरघर, छाती आवळल्यासारखी वाटणे व खोकला असतो आणि पूर्ववत होण्यास अर्धा तास ते तासभर लागतो. शंका असल्यास स्पायरोमेट्री करून घ्यावी. निदान पीक-फ्लो मीटर तरी प्रत्येक चिकित्सालयात असावे. ते स्वस्त आहे, रुग्णाला घरी वापरता येते आणि आपल्या चिकित्सेचा खरा परिणाम आकड्यांत दाखवते.

येथे खानदेशातील काही विशेष कारणे ध्यानात घ्यावीत. चरकाचार्यांनी श्वासनिदानाच्या आरंभीच रज आणि धूम यांचा निर्देश केला आहे. जिनिंग, सूतगिरणी, डाळ मिल व मिरचीच्या व्यवहारात काम करणाऱ्यांना रज. पऱ्हाटी व लाकूड जाळून चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांना धूम. साप्ताहिक सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती जखडत असेल तर कापसाच्या धुळीचा विचार करावा. पावसाळ्यानंतर वाढणारे गाजरगवत हेही अनेकांच्या नाकाला व श्वासाला त्रासदायक ठरते. निदानपरिवर्जन न करता केवळ आहार-व्यायामावर भिस्त ठेवू नये.

व्याधिक्षमत्वाचा धागा

या तिन्ही विषयांना जोडणारा धागा चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायात सापडतो. कोणती शरीरे व्याधी सहन करण्यास असमर्थ असतात, त्यांची यादी तेथे आहे : अतिस्थूल, अतिकृश, ज्यांचे मांस-रक्त-अस्थी नीट बांधलेले नाहीत असे, दुर्बल, असात्म्य आहारावर पोसलेले, अल्प आहार घेणारे आणि अल्पसत्त्व. अतिस्थूल आणि अतिकृश येथे शेजारी-शेजारी बसले आहेत. वाढलेले शरीर म्हणजे वाढलेले बल नव्हे, हा मुद्दा रुग्णांना, विशेषतः लहान मुलांच्या पालकांना, वारंवार सांगावा लागतो.

आधुनिक शास्त्रानुसार अतिरिक्त मेद हा केवळ साठा नसून तो शोथजनक द्रव्ये सतत स्रवणारी क्रियाशील धातू आहे. २००९ च्या एच१एन१ साथीत व २०२० पासूनच्या कोविड साथीत स्थूल रुग्णांमध्ये आजाराची तीव्रता अधिक आढळली, हे सर्वांच्या स्मरणात असेल. दुसऱ्या टोकाचे उदाहरणही तितकेच बोलके आहे. झारखंडात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना सहा महिने तांदूळ, डाळ व सूक्ष्मपोषके यांचा शिधा देऊन केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. शिधा मिळालेल्या कुटुंबांत क्षयाचे नवे रुग्ण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. तेथे व्याधिक्षमत्व वाढवणारे द्रव्य म्हणजे पोटभर डाळभात होता.

आपल्या भागात ही दोन्ही टोके हाकेच्या अंतरावर आहेत. जळगाव, भुसावळ, धुळे या शहरांत स्थौल्य. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर या तालुक्यांच्या सातपुड्यातील पाड्यांवर कार्श्य. म्हणून एकच आहारपत्रक छापून सर्वांना वाटणे हे शास्त्रसंमत नाही. कृश रुग्ण दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल, सायंकाळी ज्वर येत असेल, वजन घटत असेल, तर श्वासकासाची चिकित्सा सुरू करण्यापूर्वी थुंकीची तपासणी करून घ्यावी. त्याला लंघन व तीव्र व्यायाम सांगणे हा प्रमाद ठरेल.

स्थूल श्वासरुग्णाचा आहार

अष्टौनिंदितीय अध्यायात स्थूलासाठी जो सिद्धांत सांगितला आहे तो असा की, आहार पचनास गुरू परंतु पोषणाने अपतर्पण करणारा असावा. तीक्ष्णाग्नीमुळे स्थूलाला भूक फार लागते. नुसते हलके अन्न दिल्यास तो वारंवार खातो. जठर भरेल, पण मेद वाढणार नाही, असे अन्न हवे. त्या यादीत यव, श्यामाक, कोद्रव, मूग, कुळीथ यांच्या सोबत जूर्णाह्व आणि आढकी आहेत. जूर्णाह्व म्हणजे ज्वारी, आढकी म्हणजे तूर. खानदेशच्या रुग्णासाठी पथ्याचे धान्य दुरून आणावयाचे नाही, ते त्याच्या शेतात आहे. गेल्या काही दशकांत शहरी घरांतून ज्वारीची भाकरी मागे पडून गव्हाची पोळी, मैदा व तळलेले पदार्थ पुढे आले, ही खरी अडचण आहे.

स्थानिक पदार्थांविषयी रुग्ण नेमके प्रश्न विचारतात. त्यांना नेमकी उत्तरे देता यावीत म्हणून पुढील विवेचन उपयोगी पडावे.

कळण्याची भाकरी : हिच्यात ज्वारीसोबत उडीद दळलेला असतो. माष हा गुरू, स्निग्ध व कफवर्धक असून श्वासनिदानात त्याचा उल्लेख आहे. कष्ट करणाऱ्या कृश शेतकऱ्याला ही भाकरी उत्तम. स्थूल श्वासरुग्णाने ती क्वचित व दुपारीच घ्यावी. नित्यासाठी निव्वळ ज्वारीची भाकरी. उडदाच्या डाळीलाही हाच नियम.

भरीत : जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वांगे हे कटू-तिक्त, उष्ण व कफवातघ्न गणले आहे. ते या रुग्णाला अपथ्य नाही. अपथ्य आहे ती वरची तेलाची फोडणी आणि सोबतची पुरी. तेच भरीत भाकरीबरोबर, कांद्याची पात घालून व तेल मोजून केल्यास चालते.

शेवभाजी आणि वरण-बट्टी : तळलेली शेव, त्यावर तेलाचा तवंग, किंवा तळलेली बट्टी व तूप. हे प्रसंगाचे पदार्थ आहेत. आठवड्याचे पदार्थ झाले की मेद व विदाह दोन्ही वाढतात.

केळी : रावेर-यावल भागात "दमा आहे, केळी बंद करू का?" हा रोजचा प्रश्न. पिकलेले केळे मधुर, शीत, गुरू व कफकर आहे. ते रात्री, थंड करून, किंवा शिकरणाच्या रूपात दुधाबरोबर देऊ नये. परंतु कृश रुग्णाला दुपारी एक केळे देण्यास हरकत नाही. आधुनिक दृष्टीने केळे सर्वच दमेकऱ्यांना बाधते असे सिद्ध झालेले नाही. ज्याला ते खाल्ल्यावर प्रत्यक्ष त्रास होतो त्याने टाळावे. उगाच सरसकट फळबंदी करू नये. फळे व भाज्या भरपूर असलेला आहार दम्याच्या रुग्णाला हितकर ठरतो, असाच अभ्यासांचा कल आहे.

दही : श्वासनिदानात दही व कच्चे दूध यांचा समावेश आहे. रात्री दही वर्ज्य. ताज्या, लोणी काढलेल्या ताकात सुंठ घालून ते दुपारी, वेग नसताना, द्यावे.

आहाराची वेळ ही मात्रेइतकीच महत्त्वाची आहे. तमकश्वास पित्तस्थानातून, म्हणजे आमाशयाच्या प्रदेशातून उद्भवतो, हे चरकाचार्यांचे मत आम्लपित्त व दमा यांचा संबंध पाहता मननीय आहे. दुकान बंद करून रात्री दहा-साडेदहाला भरपेट जेवणे आणि लगेच आडवे होणे, ही आपल्याकडील व्यापारी कुटुंबांची रीत आहे. रात्रीचे जेवण झोपेपूर्वी तीन तास आणि जठराचा एक भाग रिकामा ठेवून, एवढ्या एका बदलाने पहाटेची घरघर कमी झाल्याचे अनेक रुग्णांत पाहावयास मिळते.

मात्रेचे गणित

"तेल कमी खा" असे सांगून काही होत नाही. त्याऐवजी "घरात १५ किलोचा तेलाचा डबा किती दिवस पुरतो?" हे विचारावे. पाच माणसांच्या घरात तो दोन महिन्यांत संपत असेल तर प्रत्येकाच्या पोटात रोज ५० ग्रॅम तेल जाते. ग्रॅमला ९ याप्रमाणे ४५० उष्मांक. तोच डबा चार महिने पुरवला की दररोजचे २२५ उष्मांक वाचतात. दिवसाचे पाच कप चहा, प्रत्येकी दोन चमचे म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर, याचे २०० उष्मांक होतात. साखर सोडली की ते वाचतात. अर्ध्या तासाच्या चालण्याने सुमारे १०० उष्मांक खर्च होतात. तिन्ही मिळून रोज पाचशेवर उष्मांकांची तूट पडते व साधारण आठवड्याला अर्धा किलो वजन उतरू शकते. पुढे पुढे हा वेग मंदावतो, याची कल्पना रुग्णाला आधीच द्यावी. यात उपवास नाही, भूकमार नाही. चरकाचार्यांचा कर्शनाविषयीचा इशारा येथे पाळला जातो.

किती वजन उतरावे? फिनलंडमधील, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३८ स्थूल दमारुग्णांपैकी निम्म्यांना वजन उतरवण्याचा कार्यक्रम दिला होता. त्यांचे वजन सरासरी १४ टक्क्यांनी उतरले आणि श्वसनक्षमता व लक्षणे दोन्ही सुधारली. ऑस्ट्रेलियातील २०१३ च्या अभ्यासात ५ ते १० टक्के वजन उतरल्यानेही बहुसंख्य रुग्णांना लाभ झाला. म्हणजे ८० किलोच्या रुग्णाचे पहिले ध्येय ४ किलो, दुसरे ८ किलो. 'आदर्श वजन' गाठण्याचे ओझे त्याच्यावर टाकू नये. आपल्या लोकांसाठी स्थौल्याची मर्यादा शरीरवस्तुमान निर्देशांक २५, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही धरावी.

व्यायाम : मात्रा, काल, अवस्था

ब्राझीलमध्ये साओ पाउलो येथे तीन महिने नियमित चालण्या-धावण्याचा व्यायाम केलेल्या दमारुग्णांत श्वासनलिकांची अतिसंवेदनशीलता व शोथ कमी झाल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. तेथील रुग्ण नियमित औषध घेत होते आणि व्यायाम देखरेखीखाली होता, या दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत. आपल्याकडील पद्धती पुढीलप्रमाणे असावी.

अवस्था : घरघर, रात्री जाग आणणारा खोकला, ज्वर किंवा ताजी सर्दी असताना व्यायाम नाही. ही वेगावस्था शमल्यानंतरच आरंभ करावा.

मात्रा : अर्धशक्ती. कपाळ, नाक व काखेत घाम येऊ लागणे, तोंड कोरडे पडू लागणे, तोंडाने श्वास घ्यावासा वाटणे ही बलार्धाची लक्षणे होत. रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगावयाचे तर, चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलणे तुटू लागले की वेग कमी करावा.

क्रम : पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटे सपाटीवर चालणे; दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवून ३० ते ४० मिनिटांपर्यंत जावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले आठवड्याचे १५० मिनिटांचे प्रमाण येथपर्यंत सहज गाठले जाते. आरंभी दहा मिनिटे हळू चालून अंग ऊबदार करावे, शेवटी तसेच हळू थांबावे. एकदम वेग घेणे व एकदम थांबणे हे श्वासनलिका संकोचास निमंत्रण आहे. वैद्यकीय तज्ज्ञाने व्यायामापूर्वी इनहेलर घेण्यास सांगितले असल्यास ते घ्यावे आणि खिशात ठेवावे.

काल : वाग्भटाचार्यांनी शीतकाल व वसंत यांत अर्धशक्ती व्यायाम आणि इतर ऋतूंत त्याहून अल्प सांगितला आहे. खानदेशात याला विशेष अर्थ आहे. जळगाव-भुसावळचा पारा उन्हाळ्यात ४४-४५ अंशांना जातो. तेव्हा सूर्योदयापूर्वीच अल्प व्यायाम करावा. हिवाळ्यात ग्रंथ अनुमती देतो, परंतु पहाटेची थंड व कोरडी हवा तमकाच्या रुग्णाला बाधते. म्हणून नाकावर रुमाल गुंडाळून, ऊन पडल्यावर चालावे. पावसाळ्यात घरातच जागच्या जागी चालणे व सूक्ष्म व्यायाम. गाजरगवत फुललेली वाट, कापूस वाहून नेणाऱ्या गाड्यांचा रस्ता, कचरा जाळण्याची जागा टाळावी.

प्राणायाम : दीर्घ उच्छ्वास, अनुलोम-विलोम व भ्रामरी हे वेगांतरात उपयोगी पडतात. नवख्या रुग्णाला जोरकस कपालभाती, भस्त्रिका व दीर्घ कुंभक सांगू नयेत. प्राणायाम हा चालण्याला पर्याय नव्हे, कारण त्याने मेद फारसा घटत नाही. आणि इनहेलरलाही पर्याय नव्हे.

अतिव्यायामाविषयी एक शब्द. दीर्घकाळ अतिश्रमाचा व्यायाम करणाऱ्यांत श्वसनमार्गाच्या तक्रारी वाढताना दिसतात, तर मध्यम व्यायामाने प्रतिकारक्षमता सुधारते. झटपट वजन उतरवण्यासाठी व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या तरुण श्वासरुग्णांना चरकाचार्यांच्या प्रतमकाची आठवण करून द्यावी.

औषधविक्रेत्यांसाठी काही सूचना

आपले कल्प वापरतानाही आहाराचाच विचार लागू आहे. सितोपलादी चूर्णात ३१ भागांपैकी १६ भाग खडीसाखर. तालीसादी चूर्णात ४८ पैकी ३२ भाग साखर. तथापि चूर्णाची दैनिक मात्रा अल्प असल्याने, ६ ग्रॅम सितोपलादीतून सुमारे ३ ग्रॅमच साखर पोटात जाते. स्थूल रुग्णाला तिची भीती नाही. प्रमेही रुग्णात मात्र तीही हिशेबात धरावी. अवलेहांची गोष्ट वेगळी. च्यवनप्राशासारखा अवलेह दोन मोठे चमचे सकाळ-संध्याकाळ, वर साखर घातलेले दूध, असे घेतल्यास स्थौल्याचेच पोषण होते. आयुष मंत्रालयाच्या २०२० च्या मार्गदर्शनात च्यवनप्राशाची मात्रा सकाळी १० ग्रॅम, आणि मधुमेहींसाठी साखरविरहित, अशीच होती. रसायन हे कृशाला व क्षीणाला बृंहणासाठी, स्थूलाला मात्र कोष्ठशुद्धी व अग्निविचार केल्यानंतर अल्प मात्रेत. 'प्रतिकारशक्ती वाढवणारे काहीतरी द्या' असे म्हणत आलेल्या ग्राहकाला बरणी पुढे करण्यापूर्वी वजन किती, मधुमेह आहे का, आणि इतर कोणती औषधे चालू आहेत, हे तीन प्रश्न विचारावेत. त्यात दोन मिनिटेही जात नाहीत आणि दुकानाची पत वाढते.

याहून गंभीर विषय छुप्या स्टेरॉइडचा. 'दम्यावर रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी पुड्या व गोळ्या यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात वेळोवेळी उघडकीस आले आहेत. या लेखाच्या तिन्ही विषयांवर अशा पुडीचा परिणाम पाहावा : श्वास दोन दिवसांत थांबतो, म्हणून रुग्णाचा विश्वास बसतो, काही महिन्यांत चेहरा गोल होतो, पोट सुटते, रक्तशर्करा वाढते, म्हणजे स्थौल्य व प्रमेह येतात, आणि प्रतिकारक्षमता खचून क्षयासारखा सुप्त व्याधी डोके वर काढतो. एका व्याधीचे शमन करताना दुसरे दोन निर्माण करणारी ही चिकित्सा आयुर्वेदाच्या नावावर खपते आणि अपकीर्ती आपल्या सर्वांची होते. ज्या औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्ये, निर्मिती परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व दिनांक नाहीत ते दुकानात ठेवू नये. अशी पुडी दीर्घकाळ घेतलेला रुग्ण आढळल्यास ती एकाएकी बंद करण्यास सांगू नये. त्याने जिवास धोका संभवतो. त्याला तज्ज्ञाकडे पाठवून मात्रा क्रमाने कमी करावी.

इनहेलरच्या बाबतीतही हीच दक्षता. रुग्णाचे वजन उतरले, घरघर थांबली, तरी नियमित इनहेलर आपण होऊन बंद करू नये, असे वैद्य व विक्रेता दोघांनीही सांगावे. मात्रा कमी करण्याचा निर्णय श्वसनक्षमता मोजून, संबंधित तज्ज्ञाशी विचारविनिमय करूनच घ्यावा. वाक्य पूर्ण बोलता न येणे, ओठ-नखे निळसर होणे, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली उतरणे, गुंगी येणे यांपैकी काहीही दिसल्यास काढा उकळत बसू नये; रुग्णाला तत्काळ रुग्णालयात पोहोचवावे.

उपसंहार

सारांश, स्थूल श्वासरुग्णात तीन क्रम पाळावेत. प्रथम धाप तमकाची की क्षुद्रश्वासाची हे ठरवावे व रज-धूमादी निदान दूर करावे. दुसरे, वेग शमवून, औषध चालू ठेवून, ज्वारी-मूग-कुळीथ-तूर यांचा आहार आणि तेल-साखरेचे मोजमाप यांनी सावकाश अपतर्पण करावे. तिसरे, वेगांतरात अर्धशक्ती व्यायाम ऋतू पाहून वाढवावा. कृश श्वासरुग्णात याच्या उलट, क्षय नाही याची खात्री करून, लघू परंतु संतर्पण करणारा आहार, विश्रांती व बृंहण यांचा अवलंब करावा. त्याच्यासाठी कळण्याची भाकरी, दूध-तूप व दुपारचे केळे हेच पथ्य ठरू शकते.

वैद्यबंधू-भगिनींना एक विनंती. आपल्या प्रत्येक श्वासरुग्णाच्या पत्रिकेवर दर महिन्याला चार नोंदी कराव्यात : वजन, कमरेचा घेर, पीक-फ्लो आणि त्या महिन्यात रात्री श्वासाने जाग आलेल्या रात्रींची संख्या. वर्षभर अशा नोंदी ठेवल्या तर पथ्याचा उपयोग झाला की नाही हे रुग्णाला आणि आपल्याला दोघांनाही आकड्यांत दिसेल. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील पंचवीस-तीस चिकित्सालयांनी मिळून हे केले, तर पुढील वर्षी याच विषयावर आपल्या भागातील रुग्णांच्या आधारे लिहिता येईल.